अजगराचा आवाज, अजगराचा स्वभाव : ऐकणं आणि समजणं

(जालना येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना अजगराशी काय देणंघेणं? देणंघेणं जुनं आहे. महाभारताच्या वनपर्वात एक अजगर भीमाला विळखा घालतो आणि सोडण्यासाठी युधिष्ठिराला प्रश्न विचारतो. खरा ब्राह्मण कोण, जन्माने की शीलाने, असे ते प्रश्न. तो अजगर म्हणजे शापित राजा नहुष. उत्तरं पटतात, भीम सुटतो, नहुषही सुटतो. पुढे भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यातही अजगर आहे. मिळेल ते घ्यावं, नाही मिळालं तर स्वस्थ पडून राहावं, हा त्याचा धडा. याच अकराव्या स्कंधावर आपल्या शेजारच्या पैठणच्या नाथांनी टीका लिहिली. म्हणजे गोदेच्या काठी अजगराच्या स्वभावाची चर्चा काही शतकं चालू आहे!

आता चर्चेला निमित्त वेगळं आहे. मोठ्या शहरांत काही घरांत काचेच्या पेटीत अजगर आले आहेत. आफ्रिकेतला छोटा अजगर, त्याला ‘बॉल पायथन’ म्हणतात. मोबाइलवर त्याची चित्रफीत येते : गळ्यात घातलाय, गालाला लावलाय, खाली लिहिलंय ‘किती शांत आहे बघा’. ती चित्रफीत आपल्या भोकरदन-अंबडच्या पोरांपर्यंतही पोचते. त्यातून दोन प्रश्न निघतात. या प्राण्याच्या आवाजावरून त्याला काय होतंय हे कळतं का? आणि तो ‘शांत स्वभावाचा’ आहे असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं कशाच्या आधारावर म्हणतो? हे प्रश्न जितके प्राणिशास्त्राचे, तितकेच ज्ञानमीमांसेचे आहेत. आणि आपल्याकडे या प्रश्नांवर माणसाचा जीव अवलंबून असतो. तिथे मी येणार आहे.

आवाज होतो कसा?

सुरुवात शरीरापासून करू. आपल्या गळ्यात स्वरतंतू आहेत, ते थरथरतात म्हणून आपण बोलतो, गातो. अजगराला स्वरतंतू नाहीत. त्याच्या तोंडाच्या तळाशी, पुढच्या बाजूला श्वासनलिकेचं तोंड असतं. मोठं भक्ष्य गिळताना ते नळीसारखं पुढे सरकवता येतं, म्हणून तोंड भरलेलं असतानाही त्याचा श्वास चालू राहतो. बहुतेक सापांचं डावं फुप्फुस नावापुरतं उरलंय किंवा नाहीसं झालंय, अजगराला मात्र दोन्ही फुप्फुसं आहेत. तो छाती भरून हवा घेतो आणि त्या अरुंद दारातून जोरात सोडतो. तो जो ‘फूस्स’ आवाज, तो फूत्कार. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा. त्यात चढउतार नाही, सूर नाही. लांब, आखूड, जोराचा, हलका, एवढाच फरक.

इतर सापांत तऱ्हा आहेत. फुरसं तोंडाने नव्हे तर अंगाने आवाज करतं. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं आणि खवल्यांच्या करवतीसारख्या कडांमधून खरखर आवाज येतो. नागराजाचा, म्हणजे किंग कोब्राचा आवाज खालच्या पट्टीतला, गुरगुरल्यासारखा असतो. आणि आपली घोणस! तिचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी सलग वाफ सुटते, तसा.

ऐकतो कोण?

आता गंमत बघा. संस्कृतात सापाला एक नाव आहे, ‘चक्षुःश्रवा’. डोळ्यांनी ऐकणारा. अमरकोशात ते आहे. कुणीतरी बारकाईने पाहिलं होतं की सापाला बाहेरून कान दिसत नाही, तरी त्याला चाहूल लागते. मग ऐकतो कशाने? डोळ्यांनी, असं उत्तर त्यांनी दिलं. निरीक्षण बरोबर, स्पष्टीकरण चुकलं.

सापाला बाहेरचा कान नाही आणि कानाचा पडदाही नाही, पण आतला कान आहे. त्यातलं छोटं हाड जबड्याच्या हाडाशी जोडलेलं असतं. जमिनीतली थरथर जबड्यातून आत जाते. २०१२ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी नेमकं या बॉल पायथनचंच ऐकणं मोजलं. त्यांना दिसलं की ८० ते १६० हर्ट्झच्या आसपासचे खालचे आवाज त्याला सर्वांत बरे जाणवतात, आणि हवेतला आवाजही तो ‘कानाने’ नव्हे, तर त्याची कवटी थरथरते म्हणून टिपतो. पुरुषाच्या बोलण्याची मूळ पट्टी साधारण याच टप्प्यात येते. म्हणजे ‘साप ठार बहिरा असतो’ हे आपलं शाळेतलं वाक्य पुसायला हवं.

२०२३ साली ऑस्ट्रेलियात आणखी एक अभ्यास झाला. एकोणीस साप घेतले, एका ध्वनिरोधक खोलीत आवाज सोडले आणि ते काय करतात ते पाहिलं. बहुतेक विषारी साप आवाजापासून दूर सरकले. वोमा नावाचा तिथला अजगर मात्र आवाजाच्या दिशेने येताना दिसला. एकच आवाज आणि जातीजातीचा प्रतिसाद वेगळा.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवा. सापांच्या फूत्कारातला बहुतेक जोर ३,००० हर्ट्झच्या वर असतो. आणि बॉल पायथनला चांगलं जाणवतं ते दीड-दोनशेच्या आतलं. यातून काय निघतं? अजगराला स्वतःचा फूत्कार नीट ऐकू येण्याची शक्यता फार कमी, आणि दुसऱ्या अजगराचाही. म्हणजे फूत्कार ही अजगरांची आपसातली भाषा नाही. ती कोल्ह्यासाठी आहे, मुंगसासाठी आहे, गरुडासाठी आहे, तुमच्या-माझ्यासाठी आहे. ज्यांना कान आहेत त्यांच्यासाठी, ‘लांब राहा’ एवढ्याचसाठी. बोलणारा स्वतः ऐकत नाही आणि तरी निरोप पोचतो. संवादाची आपली व्याख्या इथे थोडी ताणावी लागते.

धूर, आग आणि तापलेली सळई

आता आवाजावरून स्वभावाकडे कसं जायचं? इथे मला न्यायशास्त्राची मदत घ्यावी लागेल. घाबरू नका, उदाहरण जालन्याचंच आहे.

डोंगरावर धूर दिसला की आपण म्हणतो, तिथे आग आहे. का? कारण ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती आपल्याला ठाऊक आहे. ही व्याप्ती पक्की. पण उलटी करून बघा : ‘जिथे अग्नी तिथे धूर’. हे खरं आहे का? नैयायिकांनी सांगितलं, नाही. तापवलेला लोखंडाचा गोळा घ्या. आग आहे, धूर नाही. जालनेकरांना हे समजावायला नको. आपल्या एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून लालबुंद सळई बाहेर येते, तिला धूर असतो का? नाही. हात लावून बघाल का? नाही! आग असूनही धूर निघायला इंधन ओलं लागतं. या ‘ओल्या इंधना’ला शास्त्रात उपाधी म्हणतात, म्हणजे मध्ये दडलेली अट.

आता अजगर घ्या. ‘जिथे फूत्कार तिथे भीती’ हे अनुमान बऱ्यापैकी चालतं. अजगर आनंदाने फूत्कारत नाही. पण लोक काय करतात? ते उलटं अनुमान काढतात : ‘फूत्कारत नाही, म्हणजे भीती नाही, म्हणजे तो खूश आहे, म्हणजे त्याचा स्वभाव प्रेमळ आहे.’ एका दमात तीन उड्या! आणि पहिलीच उडी चुकलेली. बॉल पायथनचं नावच त्याच्या भीतीवरून पडलंय. घाबरला की तो अंगाची गुंडाळी करतो, डोकं मधोमध लपवतो आणि चेंडू होऊन बसतो. आवाज नाही, हालचाल नाही. ज्याला आपण ‘किती शांत’ म्हणतो, तो कदाचित भीतीने गोठलेला असतो. आग आहे, धूर नाही. तापलेली सळई आहे ती.

शांततेची आणखी कारणं आहेत. अजगराचं रक्त बाहेरच्या उष्णतेवर तापतं. पेटीत गारठा असेल तर तो सुस्त पडतो. पोटात भक्ष्य असेल तर पडून राहतो. आजारी असला तरी पडून राहतो. आणि मुळात तो दबा धरून बसणारा शिकारी आहे, पडून राहणं हा त्याचा धंदा आहे. अवधूताने त्यात वैराग्य पाहिलं, मोबाइलवाल्याने त्यात प्रेम पाहिलं. अजगर मात्र पाहत होता ऊब, आडोसा आणि भक्ष्य. अवधूताला मी दोष देत नाही हं. तो अजगराबद्दल सांगत नव्हता, माणसाने कसं जगावं ते सांगत होता. मोबाइलवाला मात्र अजगराबद्दलच दावा करतोय.

मग आवाजातून काय ओळखायचं?

जाणकार पाळणारे आणि पशुवैद्य जे पाहतात ते साध्या शब्दांत सांगतो.

माणूस जवळ गेल्यावर फूत्कार आला, मान इंग्रजी ‘एस’सारखी मागे घेतली, अंग आवळलं, तर तो सांगतोय की मागे हो. हा राग नाही आणि दुष्टपणा तर नाहीच. कात टाकायच्या आधी डोळ्यांवर दुधट पडदा येतो, दिसेनासं होतं. त्या दिवसांत एरवी गप्प असणाराही फूत्कारतो. आंधळी कोशिंबीर खेळताना कुणी अचानक हात लावला तर आपण दचकतो ना, तसंच.

पण कुणी जवळ नसताना, श्वासागणिक शिट्टीसारखा, घरघर केल्यासारखा, बुडबुड्यांचा आवाज येत असेल तर तो फूत्कार नव्हे. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, तोंडाशी चिकट फेस, डोकं सारखं वर उचलून धरणं हे सोबत असेल तर श्वासमार्गाचा संसर्ग असू शकतो. पेटी गार आणि दमट राहिली की हे होतं. कधी कातीचा तुकडा नाकपुडीत अडकला तरी शिट्टी वाजते. अशा वेळी ‘आज फार बोलतोय’ म्हणून चित्रफीत काढत बसणं म्हणजे दम्याच्या धापेला गाणं समजणं. सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जायला हवं.

म्हणजे फूत्कारालासुद्धा उपाधी तपासावी लागते. आवाज कधी आला, कुणी जवळ होतं का, अंगाची ठेवण कशी होती, कात जवळ आलीय का, पेटी किती गार आहे. एकट्या आवाजाला अर्थ नाही, आवाज आणि प्रसंग मिळून अर्थ होतो.

स्वभावाला औषध नाही?

आपण म्हणतो, स्वभावाला औषध नाही. अजगराच्या बाबतीत हे अर्धंच खरं. जातीचा म्हणून एक कल असतो. बॉल पायथन गुंडाळी करतो, तर काही मोठे अजगर चटकन चावतात. त्याच जातीत एक जास्त भित्रा, एक कमी. लहान पिल्लं जास्त फूत्कारतात, कारण लहानाला सगळेच खाणारे. आणि सवय हा तिसरा भाग. रोज तोच वास, तोच हात, इजा नाही, तर हळूहळू प्रतिक्रिया कमी होते. ही सवय म्हणजे प्रेम नव्हे. रस्त्याकडेला घर असलेल्या माणसाला ट्रकचा आवाज ऐकू येईनासा होतो, म्हणून त्याचं ट्रकवर प्रेम बसलं असं आपण म्हणत नाही.

तत्त्वज्ञानात इथे दोन टोकं आहेत. देकार्तने प्राण्यांना यंत्रवत मानलं. दुसऱ्या टोकाला आपण प्राण्याला आपलंच मन चिकटवतो. लॉइड मॉर्गन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १८९४ साली एक नियम सांगितला. त्याचा आशय असा, की एखादी कृती साध्या मानसिक क्रियेने समजत असेल तर वरच्या पातळीची कल्पना करू नये. नियम चांगला आहे, पण त्याचा अर्थ ‘प्राण्याला काहीच वाटत नाही’ असा नाही. १९७४ साली थॉमस नेगेल यांनी वटवाघळावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. वटवाघूळ असणं म्हणजे आतून कसं असतं, हे बाहेरच्या कितीही माहितीने पुरतं हाती लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. ओठांवरच्या खाचांनी उष्णता ‘पाहणाऱ्या’ आणि जिभेने वास घेणाऱ्या अजगराला हे तितकंच लागू आहे.

आणि तरी त्याला दगड समजू नका. भारतीय अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि गारवा वाढला की अंग थरथरवून स्वतःची उष्णता वाढवते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या अशा मादीची मोजमापं १९६६ साली प्रसिद्ध झाली. थंड रक्ताचा म्हणवणारा प्राणी अंड्यांसाठी उष्णता तयार करतो! याला माया म्हणायचं की नाही हे मी ठरवणार नाही. पण ‘निर्विकार यंत्र’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शेतातली दोरी

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. वेदांतात दोरीवर साप भासतो. अंधारात दोरी पडलीय, आपण घाबरतो, दिवा आणला की भीती जाते. आपल्या जिल्ह्यात गोष्ट उलटी आहे. मोसंबीच्या बागेत, कपाशीत ठिबकची नळी समजून माणूस हात घालतो आणि तो साप निघतो. दिवा आणल्यावर इथे भीती जात नाही, खरी सुरुवात होते.

आणि याहून घातक भ्रम असा, की घोणशीला अजगराचं पिल्लू समजणं. दोन्ही जाड, दोन्ही तपकिरी, दोन्हींवर डाग, दोन्ही सुस्त दिसतात. ‘अजगराचं पिल्लू आहे, काही करत नाही’ म्हणून हाताने उचलणारे लोक आहेत. अजगर बिनविषारी. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, मूत्रपिंडं निकामी होतात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल-लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, खवले खरखरीत असतात, शेपूट आखूड. अजगराचे डाग वेडेवाकडे, अंग तुकतुकीत, डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण. आणि घोणस डिवचली की तो कुकरचा आवाज करते. पण ध्यानात ठेवा, आपण आत्ताच शिकलो : धूर नाही म्हणून आग नाही, असं नाही. न फूत्कारताही घोणस चावते. म्हणून या खुणा लांबून ओळखायला आहेत, ओळखून उचलायला नाहीत.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, पावसाळ्यात, शेतात किंवा घरात. साप चावला तर आवळपट्टी नको, चिरा नको, मांत्रिक नको. चावलेला हात किंवा पाय हलवू न देता, १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिसर्पविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका.

विंचूदंश आणि सर्पदंशावर आयुष्य घालवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात महाडला बसून त्यांनी विंचूदंशाच्या रोग्यांची लक्षणं तासातासाने नोंदवली, आणि त्यातून प्राझोसिन हे औषध पुढे आलं. अनुमान कसं करावं याचा याहून चांगला धडा मी वर्गात दिलेला नाही. आधी नीट पाहा, मग व्याप्ती बांधा, मग निष्कर्ष.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, पुंगीवर नाग डुलतो, मग त्याला संगीत कळतं ना?*

पुंगी हलते, गारुडी हलतो, आणि समोरचा धोका नजरेआड होऊ नये म्हणून नाग त्याच्याबरोबर हलतो. फणा काढणं म्हणजे दाद देणं नव्हे, बचाव आहे. आवाजाची थरथर त्याला काही प्रमाणात जाणवतही असेल, पण डोलण्यासाठी तेवढं मानायची गरज नाही. बघा, मॉर्गनचा नियम इथे कामाला आला.

*घरी अजगर पाळता येतो का? मुलगा फार मागे लागलाय.*

भारतीय अजगर पाळता येत नाही. पकडताही येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे आणि त्यासाठी तुरुंगवास आहे. विदेशी बॉल पायथनसाठी २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम आहेत, वन खात्याकडे ऑनलाइन नोंदणी करावी लागते. पण कायद्यापेक्षा मोठा प्रश्न मुलाला विचारा. हा प्राणी वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने साठी ओलांडल्यावर २०२० साली अंडी घातली! मुलगा नोकरीला जाईल, लग्न करेल, आणि पेटी तुमच्याकडे राहील. उंदीर कोण आणणार? लोडशेडिंगमध्ये ऊब कोण देणार? मुलाला सापांचं वेड असेल तर पुण्याला कात्रजचं सर्पोद्यान दाखवा, सापांवरची पुस्तकं द्या. वेड वाईट नाही, त्याला दिशा द्या.

*शेतात मोठा अजगर निघाला तर काय करायचं?*

लांब उभं राहायचं, गर्दी हटवायची, लेकरं आणि शेळ्या बाजूला घ्यायच्या. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे, किंवा माहितीतल्या नोंदणीकृत सर्पमित्राला बोलवा. काठीने डिवचून फूत्कार ऐकायचा मोह होतो लोकांना, चित्रफितीसाठी. तो करू नका. त्या आवाजाचा अर्थ आता तुम्हाला माहीत आहे. ‘लांब राहा’ असं तो म्हणतोय, आणि लांब राहणं आपल्याला सहज जमण्यासारखं आहे.